तीन सप्टेंबरचा वारा

१

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं, आतली फाईल मात्र नव्हती.

जानेवारी २००९ मधला रविवार, सकाळचे साडेसात. कुवेतातल्या मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीमागे आमच्या फॅब्रिकेशन कंपनीचं यार्ड होतं आणि त्या यार्डातलं स्टोअर मी सतरा वर्षं सांभाळत होतो. नटबोल्टच्या प्रत्येक खणावर, कामगारांच्या प्रत्येक हत्यारपेटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत चिठ्ठी असे, आणि ती माझ्याच हातची. घरी मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा मी चिठ्ठ्या लावल्या, तेव्हा विशाखा, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती, “एक दिवस माझ्या कपाळावरही लावशील.”

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. ही हकीकत सांगताना मी एक बाब मागे ठेवणार आहे. त्या आठवड्यात ती मी सगळ्यांपासून मागे ठेवली होती, तेव्हा तुम्हालाही थोडं थांबावं लागेल. खोटं मात्र एक अक्षर सांगणार नाही.

गेलेली फाईल म्हणजे स्पेनमधल्या कामाची साईट डायरी. तिथल्या माळरानावर आमच्या कंपनीच्या मालकानं भागीदारीत सोलर पार्क उभारला होता. पॅनलखालच्या लोखंडी फ्रेमा आमच्या यार्डात बनल्या आणि त्या बसवायला इथलीच नऊ माणसं गेली होती, सगळी मालवण-कुडाळकडची. कोणत्या दिवशी किती काम झालं ते डायरीत तारीखवार लिहिलेलं होतं. कर्ज देणाऱ्या बँकेची इंजिनीयर मारिया बुधवारी मुद्दाम ती अस्सल डायरी बघायला येणार होती. झेरॉक्स तिला आधीच पोचली होती.

मॅनेजर यासिरभाई माझ्यामागून आत आले. महाडकडचा माणूस, वीस वर्षं कुवेतात, आवाज कधी चढत नाही. त्यांनी रिकाम्या कपाटाकडे एकदाच पाहिलं.

“काल इथं कोण आलं होतं, हरीश?”

शनिवारी अर्धा दिवस. मी रजिस्टर उघडलं. “ग्राइंडर परत करायला सखाराम. मी तेव्हा चहाला गेलो होतो.”

“आणि किल्ली तुझ्या खणात होती.”

“होती.”

“मग झालं तर,” ते शांतपणे म्हणाले.

दुपारपर्यंत सखारामचा व्हिसा रद्द करण्याचा कागद निघाला. गुरुवारच्या विमानानं रवानगी, चोर म्हणून.

२

सखाराम त्या नऊ जणांचा मुकादम. बावन्न वर्षांचा. हाताला काम नसलं की अवघडून जाणारा माणूस. पाच वर्षं माझ्या खोलीत राहिला होता, विशाखा इथं येण्याआधी. मी कामगारांच्या कॅम्पवर गेलो तेव्हा तो खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होता.

“मी कायएक चोरूक नाय, हरीश. माका वाचूकच येना नाय, ती फायल मी कित्याक नेतलंय?”

“मला माहीत आहे.”

“घराक जावक माका भय नाय. पण चोर म्हणान जावचंय नाय.” त्यानं घडी घातलेला सदरा उलगडून पुन्हा घडी घातली. “गावात कळलां की पोराटोरांनी खंय तोंड दाखवचां? तू त्या झुलेखाआपाकडे जा. माझो अर्ज लिवन घी.”

फहाहीलच्या बाजारात मासळीच्या सूकपासून, म्हणजे मंडईपासून, दोन गल्ल्या आत टायपिंग सेंटर होतं. सरकारी फॉर्म, इकाम्याचे म्हणजे राहण्याच्या परवान्याचे कागद, लेबर ऑफिसचे अर्ज, सगळं तिथं अरबीत टाईप होऊन मिळे. तिथल्या खुर्चीवर झुलेखाआपा बसत. रत्नागिरीजवळच्या. दक्षिण कुवेतातल्या निम्म्या कोकण्यांच्या जन्मतारखा, लग्नतारखा त्यांना तोंडपाठ होत्या. ‘आपांना फसवून अर्ज करता येत नाही’ असं लोक म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत की वैतागून, ते ज्याच्या त्याच्या अर्जावर होतं.

संध्याकाळी मी तिथं गेलो. सखारामलाही बरोबर घेतलं. आणि डायरीची एक झेरॉक्स माझ्याकडे होती, तीही घेतली. ती का नेली, हे मला आजही धड सांगता येत नाही.

३

“अर्जात मी खोटं लिहीत नाही,” आपा चष्मा पुसत म्हणाल्या. “तेव्हा आधी सगळं सांगा. एवढ्या डायरीचं बँकेला काय पडलंय?”

मला जेवढं कळत होतं तेवढं मी सांगितलं. स्पेनच्या सरकारनं जाहीर केलं होतं की उन्हापासून केलेली वीज पंचवीस वर्षं ठरलेल्या चढ्या दरानं घेतली जाईल. मग काय, जो तो पॅनल लावत सुटला. २०१० सालापर्यंतचं उद्दिष्ट काही महिन्यांत भरत आलं. सरकार हबकलं. त्यांनी मुदत घातली. २९ सप्टेंबर २००८ च्या आत ज्याचा पार्क पुरा, त्याला जुना दर. नंतर येणाऱ्याला कमी दर, तोही रांगेत उभं राहून.

“म्हणजे एका दिवसानं फरक पडतो.”

“एका दिवसानं पंचवीस वर्षांचा.”

आपांनी झेरॉक्स ओढून घेतली. जूनपासून सत्तावीस सप्टेंबरपर्यंतची पानं, सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत. रोजच्या नोंदीखाली मुकादमाचं नाव आणि सही. त्यांनी एक पान सखारामपुढे धरलं.

“ही सही तुमची?”

सखाराम वाकला. त्याला वाचता येत नसलं तरी स्वतःचं नाव तो ओळखत असे. त्या नावावर त्यानं आपला जाड अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“सही माझी नाय,” तो हळूच म्हणाला.

“काम संपलं कधी?”

“दसरो झालो, तेच्यानंतर तीन दिसांनी. आमी थंयच सोना वाटलां. म्हणजे झाडाची पानां, आपटो खंय गावतलो थंय?”

आपांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलंसुद्धा नाही. “दसरा नऊ ऑक्टोबरला होता. म्हणजे बारा ऑक्टोबर. मुदत संपून दोन आठवडे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ही डायरी बनावट आहे, हरीश. चोरी फाईलची झालेलीच नाही. फाईल नाहीशी केली आहे, कारण अस्सल कागदावर एकच पेन आणि एकच शाई दिसली असती. चार महिने उन्हात हाताळलेल्या वहीवर ना तेलाचा डाग, ना धुळीचं बोट. झेरॉक्सवर हे काही कळत नाही. आणि हे सखारामभाऊ इथं राहिले तर बँकेची बाई त्यांनाही सही दाखवणार. ते चोर ठरून गेले, तर दोन्ही कामं एका दमात होतात. पोलिसांत तक्रार, चोर परत पाठवला, आता झेरॉक्सवर भागवा.”

सखारामचा चेहरा उजळला. “मग ह्याच सांगूया ना तिका!”

“तुमच्या तोंडचा दसरा एकीकडे आणि सही-शिक्क्याची डायरी दुसरीकडे. कुणाचं ऐकतील?” आपांनी पानं उलटायला सुरुवात केली. “नाही. या डायरीनंच सांगायला हवं, तिला कुणी लिहिलं ते.”

मी बाहेरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, पाण्याची बाटली आणायला उठलो.

४

सोमवारी दुपारी आपांनी सुयोगला बोलावलं. साईट इंजिनीयर, पुण्याचा, सव्वीस वर्षांचा. खरी डायरी लिहिणं हे त्याचं काम, म्हणून सगळ्यांचं बोट त्याच्याकडे वळणार हे त्यालाही कळत होतं.

“मी काही केलेलं नाही,” बसायच्या आधीच तो म्हणाला.

“मी काही विचारलेलंही नाही,” आपा म्हणाल्या. “चहा घे. तिकडे सुट्टी कधी असायची?”

“रविवारी. क्रेनवाले रविवारी येतच नाहीत तिथे. दुकानं बंद, सगळं गाव बंद.”

“हो,” कोपऱ्यातून सखाराम म्हणाला. “तेंच्या देवळाची घंटा तेवढी वाजायची.”

“आणि कुवेतात तू केव्हा आलास?”

“गेल्या जानेवारीत. का?”

“असंच. ही डायरी बघ.”

सुयोगनं दोनच पानं पाहिली आणि कप खाली ठेवला. “ही माझी नाही. माझ्या वहीला पिवळं कव्हर होतं. ती मी परत आल्यावर यासिर सरांना दिली.” त्याचा आवाज चिरका झाला. “मला माहीत होतं, आपा. बँकेला कुठल्या तारखा गेल्या ते मला माहीत होतं. पण माझं एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट त्यांच्याकडे आहे. आणि खरं सांगू? मला ते तेव्हा फार वाईट वाटलंही नाही. ऊन तेच, पॅनल तेच. आम्ही काम पुरं केलं होतं. एवढ्या घाईत पार्क उभारायची वेळ त्यांच्याच सरकारनं आणली. आधी दार सताड उघडलं, मग अख्खा बाजार आत शिरल्यावर लावून घेतलं.”

“आणि इथं?” आपांनी काचेबाहेर बोट दाखवलं. जानेवारीतसुद्धा समोरच्या गच्चीवर ऊन रणरणत होतं. “इथं ऊन काय कमी आहे?”

“इथे वीज जवळजवळ फुकट मिळते. पॅनल लावणार कोण? ऊन सगळीकडे आहे, आपा. कायदा नाही.”

आपा हसल्या. मग अचानक विचारलं, “तीन सप्टेंबरला तिकडे फार वारा होता?”

“तीन सप्टेंबर? नाही. का?”

“डायरीत लिहिलंय. बुधवार, तीन सप्टेंबर. वादळी वारा, दिवसभर काम बंद.”

“छे! उलट त्या दिवशी आम्ही दोन रांगा पुऱ्या केल्या. सगळ्यांचे चेहरे पडलेले होते, म्हणून लक्षात आहे.”

सखाराम जमिनीकडे बघत होता. नंतर म्हणाला, “त्या दिसाचां माका अजून लागता.”

५

मंगळवारी दुपारी आपांनी मला एकट्यालाच बोलावलं. टेबलावर डायरीची पानं आणि शेजारी गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

“बस. मी मोठ्यानं विचार करते, तू फक्त ऐक. या डायरीत कोऱ्या तारखा कोणत्या? जूनमध्ये सहा, तेरा, वीस, सत्तावीस. म्हणजे सगळे शुक्रवार. स्पेनमध्ये शुक्रवारी सुट्टी कोण घेतं? कुणी नाही. म्हणजे लिहिणारा तिथला नाही, इथला. त्याला तारखा जुळवायच्या होत्या, कामाची प्रगती जुळवायची होती. ती त्यानं फार छान जुळवली आहे, फ्रेमांचा आकडा कुठंही चुकत नाही. पण सुट्टी कोणी जुळवत नाही. सुट्टी हातातून आपोआप उतरते.”

“मग सुयोग?” माझ्या तोंडून गेलं.

“तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि मी मान खाली घातली. “पाच जून, बारा जून, एकोणीस जून. या दिवशी काम दुपारी एकपर्यंतच. हे गुरुवार. दर गुरुवारी अर्धा दिवस. आता सांग, तुमच्याकडे अर्धा दिवस कधी असतो?”

“शनिवारी.”

“केव्हापासून?”

“२००७ च्या सप्टेंबरपासून. सरकारनं आठवड्याची सुट्टी बदलली तेव्हा.”

“त्याआधी?”

“गुरुवारी.”

“सुयोग आला २००८ मध्ये. त्यानं गुरुवारचा अर्धा दिवस उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. हा हात जुन्या माणसाचा आहे. वर्षानुवर्षं गुरुवारी दुपारी दार ओढून घरी गेलेल्या माणसाचा. असे तुमच्या ऑफिसात दोघंच. यासिरभाई आणि...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. बाहेर मासळीवाल्यांचा ओरडा चालू होता.

“आता तीन सप्टेंबर. रमजानचा तिसरा रोजा होता. यासिरभाईंच्या लेखी तो इतर दिवसांसारखाच दिवस. ते वारा कशाला सोडतील? पण दुसऱ्या कुणाच्या तरी लेखी तो साधा दिवस नव्हता. नऊ कोकणी माणसं त्या दिवशी लोखंड उचलत होती, असं लिहायला त्याचा हात धजला नाही. म्हणून त्यानं वारा आणला आणि त्यांना सुट्टी दिली.” आपांनी कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. तीन सप्टेंबरच्या चौकोनात लाल अक्षरांत छापलं होतं: गणेश चतुर्थी.

मी मागे ठेवलेली बाब आता सांगतो. ती डायरी मी लिहिली.

ऑक्टोबरच्या अखेरीस, आठ दिवस, स्टोअरचं दार लावून. यासिरभाई पिवळी वही घेऊन आले होते. “तुझं अक्षर स्वच्छ आहे. तारखा थोड्या मागे घे. चाळीस माणसांच्या नोकऱ्या आहेत, हरीश, त्यात तुझी आहे, सखारामचीही आहे.” मी लिहिलं. खाली सह्या त्यांनी केल्या. चाळीस माणसांसाठी लिहितोय असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यांतल्या एकाचाच बळी जाणार हे कळल्यावरही तोंड उघडलं नाही. फाईल मी नेली नव्हती. पण कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे मला माहीत होतं आणि मी ते बोललो नव्हतो. मला वाटलं होतं, आपा काहीतरी असा मार्ग काढतील की सखारामही सुटेल आणि मलाही बोलावं लागणार नाही.

“पोरीची दहावी आहे,” मी म्हणालो.

“माहीत आहे. तिचा फॉर्म मीच भरला.” आपांनी पानं गोळा करून माझ्या हातात दिली. “मी कुणाचं नाव घेणार नाही. शुक्रवार आणि गुरुवार मी त्या बाईंना दाखवू शकते. पण त्यानं डायरी खोटी ठरेल, सखाराम चोर नाही हे ठरणार नाही. उलट म्हणतील, पुरावा दडवायला त्यानंच नेली. ते फक्त एकच माणूस सांगू शकतो. गुरुवारचं विमान सकाळी नऊचं आहे.”

६

बुधवारी अकरा वाजता यासिरभाईंच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. मारिया, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची, पायांत साईटवरचे जड बूट. यासिरभाई. सुयोग. मी. आणि दाराशी उभा सखाराम, कारण ‘चोराला समोर आणा’ हा मारियाचाच आग्रह होता.

यासिरभाईंनी चोरीची तक्रार पुढे सरकवली. मारियानं ती वाचली आणि इंग्रजीत सखारामला विचारलं, “तुम्ही वही का घेतलीत?”

सुयोगनं हिंदीत सांगायला तोंड उघडलं. सखाराम त्याच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी टेबलावरचं पेन उचललं. कोऱ्या कागदावर, खणांवरच्या चिठ्ठ्या लिहितो तशीच मोठी इंग्रजी अक्षरं काढली: सखारामनं काहीही घेतलेलं नाही. ही डायरी मी लिहिली. काम बारा ऑक्टोबरला संपलं. कागद मारियापुढे ठेवला.

तिनं झेरॉक्स काढून शेजारी धरली. एक एक अक्षर बोटानं तपासलं.

“हरीश,” यासिरभाई मराठीत म्हणाले, “तुला कळतंय तू काय केलंस?”

“ऑक्टोबरात कळलं नव्हतं, यासिरभाई. आता कळतंय.”

त्यांनी खाली वाकून स्वतःची बॅग उघडली आणि त्यातून फाईल काढून टेबलावर ठेवली. तिच्याखाली पिवळ्या कव्हरची वहीही होती. ती त्यांनी फाडून टाकली नव्हती. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मारियानं पिवळी वही उघडली. पानांवर तेलाचे डाग होते. “हीच मला हवी होती,” ती म्हणाली. “दोन आठवडे. दर कमी झाला असता, पार्क तरीही चालला असता. आता मात्र बँक एका शब्दावरही विश्वास ठेवणार नाही.”

७

पार्कचा जुना दर गेला, आणि कर्जही गेलं. यासिरभाईंनी राजीनामा दिला. यार्ड बंद पडलं नाही, अर्ध्यावर आलं. सखारामवरची तक्रार मागे घेतली गेली आणि त्याचा व्हिसा शाबूत राहिला. माझा नाही. पोरीची परीक्षा होईपर्यंत थांबू दिलं, एवढी मेहेरबानी. निघताना आपांनी पोरीच्या शाळेचे सगळे कागद पिशवीत घालून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

एप्रिलमध्ये विमानतळावर सोडायला सखाराम आला होता. विशाखा आणि मुलगी सामानाच्या रांगेत पुढे होत्या. पोरगी माझ्याशी महिनाभर फक्त इंग्रजीतच बोलत होती, तेही हो-नाहीपुरतं.

सखारामची माफी मागायला मी तीन महिने शब्द शोधत होतो.

“सखाराम, त्या दिवशी मी आधीच...”

“माका ठावक होतां,” तो म्हणाला.

“काय?”

“आपाच्या दुकानात कागद बघलंय तेवाच. माझां नाव. माझ्या हत्याराच्या पेटयेर तूच लिवलेलंस. रोज सकाळी बघतंय मी तां. तुझां अक्षर माका कळाचां नाय?”

मला ते आठवलं. त्या नावावर ठेवलेला जाड अंगठा, आणि तो बराच वेळ न काढणं. तो नाव वाचत नव्हता, झाकत होता.

“मग बोलला का नाहीस? गुरुवारी तुला घालवणार होते!”

“तू बोलतलंस म्हणान वाट बघी होतंय.” त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली आणि ट्रॉलीवर नीट ठेवली. “आणि आपान वाचून दाखवल्यान ना, वारो, काम बंद. चवथीक साहेबान आमका सुट्टी दिली नाय, हरीश. आमी नव जण दीसभर लोखंड उचलून होतंव, कोण कोणाशी बोलाक नाय. कागदार का होयना, सुट्टी तूच दिलंस.”

पुढे रांग सरकली. विशाखानं हाक मारली. मी त्याचा हात धरला आणि तो त्यानं सोडवून घेतला नाही.